अभियांत्रिकीचे महाविद्यालय निवडताना मधल्या विद्यार्थ्याकडे पाहावे

बार्शीच्या एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलीला राज्याच्या सीईटीत ९४ पर्सेंटाइलच्या आसपास गुण आहेत. जिल्ह्याच्या पातळीवरच्या एका जुन्या शासकीय महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकी मिळण्याची शक्यता दिसते, तर पुण्याच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या एका नव्या खासगी महाविद्यालयात कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्स ही शाखा मिळू शकते. घरातले निम्मे लोक पुण्याच्या बाजूचे आहेत, निम्मे शासकीय महाविद्यालयाच्या. निर्णय कसा घ्यावा, आणि प्रवेश झाल्यावर मुलीने चार वर्षे कशी काढावीत? वसतिगृह आणि लॅपटॉप यांविषयीही त्यांनी विचारले आहे. मी बरीच वर्षे विद्युत विभागात शिकवले असून मधली काही वर्षे प्रशिक्षण आणि नियुक्ती कक्षाचे काम पाहिले आहे. उत्तर त्या अनुभवावर बेतलेले आहे.

महाविद्यालयाची पारख त्याच्या सर्वांत हुशार विद्यार्थ्यावरून करू नये. वर्गातला पहिला बहुतेक कुठेही पहिलाच येतो आणि त्याला लागलेल्या गलेलठ्ठ पगाराच्या नोकरीचा फलक प्रवेशद्वारावर लावण्यात महाविद्यालयाचे कर्तृत्व थोडेच असते. पाहायचे ते हे, की साठ जणांच्या वर्गात तिसाव्या क्रमांकावर असलेल्या मुलाचे किंवा मुलीचे चार वर्षांनी काय होते. तो वेळेत पदवीधर होतो का, त्याच्या हाती कोणते काम येते, त्याला शिकवणारी माणसे दरवर्षी बदलतात की टिकून राहतात? आपली मुलगी हुशार असेलच, पण सारख्याच पर्सेंटाइलची मुले एकाच वर्गात एकत्र आल्यावर त्यांतली बहुतेक मधली होतात, हे गणित कुणालाही चुकत नाही.

या मधल्या विद्यार्थ्याचा माग काढायला फार हेरगिरी करावी लागत नाही. केंद्र सरकारची एनआयआरएफ ही क्रमवारी २०१६ पासून जाहीर होते. तिच्यातल्या क्रमांकाला मी फारसे महत्त्व देत नाही, परंतु त्या क्रमवारीसाठी महाविद्यालयाने भरलेली माहिती त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते आणि ती वाचण्यासारखी असते. चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाच्या तक्त्यात पहिल्या वर्षाला किती प्रवेश झाले, पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला किती आले, नेमून दिलेल्या मुदतीत किती पदवीधर झाले, त्यांतल्या किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मध्यक पगार (सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) किती आणि उच्च शिक्षणाला किती गेले, हे आकडे ओळीने दिलेले असतात. समजा, एका महाविद्यालयात ४८० प्रवेश झाले, ६० विद्यार्थी थेट दुसऱ्या वर्षाला आले, मुदतीत ३६० पदवीधर झाले आणि नोकरी २१० जणांना लागली. माहितीपत्रकात ‘नव्वद टक्के प्लेसमेंट’ छापलेले असू शकते, कारण तिथे भागाकार केवळ ‘पात्र’ विद्यार्थ्यांच्या संख्येने केलेला असतो, आणि पात्र म्हणजे ज्यांचे सर्व विषय सुटले आहेत, साठ टक्क्यांची अट पूर्ण झाली आहे व ज्यांनी नोंदणी केली आहे ते. आपण मात्र २१० ला ५४० ने भागावे. उत्तर चाळीस टक्क्यांच्याही खाली येते. उच्च शिक्षणाला गेलेले आणि घरच्या व्यवसायात शिरलेले त्यातून वजा होतील हे मान्य, तरीही ५४० पैकी १८० जण मुदतीत बाहेर पडले नाहीत, ही गोष्ट फलकावर कधीच येत नाही.

पगाराच्या बाबतीत सर्वाधिक आकडा वाचूच नये. सरासरीही फसवी असते, कारण दोन-तीन मोठे आकडे तिला वर ओढतात. मध्यक मात्र नेमका मधल्या विद्यार्थ्याविषयी बोलतो. एकाच विद्यार्थ्याच्या दोन-तीन नियुक्तिपत्रांची बेरीज करून ‘इतक्या ऑफर्स’ असे छापण्याचीही पद्धत आहे. ऑफर आणि नोकरी लागलेली व्यक्ती यांतला फरक प्रवेश कक्षात सरळ विचारावा. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर तेही एक उत्तरच समजावे.

त्याच माहितीत शिक्षकांची यादी असते आणि मी स्वतः आधी ती उघडतो. प्रत्येक शिक्षकाची पदवी, अनुभव, रुजू झाल्याची तारीख आणि सोडून गेला असल्यास सोडल्याची तारीख तिथे असते. एखाद्या विभागातल्या बहुतेकांच्या रुजू होण्याच्या तारखा गेल्या दीड-दोन वर्षांतल्याच असतील, तर तिथे पगार वेळेवर होत नसावेत किंवा माणसे टिकत नसावीत असा तर्क करायला हरकत नाही. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक परिषदेच्या निकषाप्रमाणे पदवीच्या वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. हे प्रमाण कागदावर बहुतेक ठिकाणी जमलेले असते, म्हणून संख्येपेक्षा टिकण्याकडे पाहावे. शासकीय महाविद्यालयाची बाजू घेणाऱ्यांनीही येथे डोळे उघडे ठेवावेत, कारण तिथली मंजूर पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर गाडा चालतो. विभागात जाऊन कायम शिक्षक किती आहेत एवढे विचारले तरी चित्र स्पष्ट होते.

मान्यतेच्या शिक्क्यांमध्येही फरक आहे. नॅक संपूर्ण संस्थेचे मूल्यांकन करते, तर एनबीए एकेका अभ्यासक्रमाला मानांकन देते, त्यामुळे ‘आमच्या कॉलेजला एनबीए आहे’ हे वाक्य अपुरे असते. आपल्याला हवी असलेली शाखा त्यात आहे का आणि मुदत कधी संपते, हे पाहावे. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या देशांच्या कराराचा, पूर्ण सदस्य असल्यामुळे पुढे परदेशात नोकरी किंवा व्यावसायिक परवान्याचा विचार असलेल्यांना या मानांकनाच्या पहिल्या श्रेणीचा उपयोग होऊ शकतो. नव्या शाखेची पहिली तुकडी बाहेर पडण्याआधी तिला एनबीए मिळतच नाही. तो दोष नव्हे, पण अशा शाखेचा निकाल अजून लागलेला नाही, एवढे लक्षात ठेवावे.

आता शाखेचा प्रश्न, आणि खरी ओढाताण इथेच आहे. एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगल्या चालणाऱ्या संस्थांसाठी एका शाखेतील प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा काढली, आणि संगणकाशी संबंधित शाखांच्या तुकड्या ठिकठिकाणी वाढल्या. या वाढलेल्या तुकड्यांना शिकवायला अनुभवी शिक्षक त्या वेगाने तयार झालेले नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्सच्या पहिल्या दोन-अडीच वर्षांचा अभ्यासक्रम संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाशी बराचसा जुळतो: डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टीम, विविक्त गणित, संख्याशास्त्र. ते विषय नीट शिकवणारी माणसे असतील तर शाखेच्या नावाला अर्थ आहे, नसतील तर नाव कितीही नवे असले तरी मुलगी इंटरनेटवरच शिकणार, आणि ते काम विद्युत शाखेत राहूनही करता येते. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या सरसकट भरतीत बहुतेकदा सर्व शाखांना दार उघडे असते. उलट दिशेचे दार मात्र बंद आहे. महावितरण, महापारेषण यांची अभियंता पदे, लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवांमधली विद्युत शाखेची पदे आणि गेट या पदव्युत्तर प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर भरती करणाऱ्या सार्वजनिक कंपन्यांमधल्या विद्युत शाखेच्या जागा यांना ती पदवीच लागते. सौर प्रकल्प, कृषी वाहिन्यांचे सौरीकरण आणि विद्युत वाहने यांमुळे या शाखेचे कामही वाढते आहे.

तरीही ‘शासकीय म्हणजे डोळे मिटून’ असे मी म्हणणार नाही. मुलीला प्रोग्रामिंगची खरोखर आवड असेल, म्हणजे अकरावी-बारावीच्या धामधुमीतही तिने स्वतःहून काहीतरी लिहून पाहिले असेल, आणि पुण्यातल्या त्या महाविद्यालयातून किमान दोन-तीन तुकड्या बाहेर पडल्या असतील, तर पुण्याचा विचार जरूर करावा. शहराचा फायदा खरा असतो. इंटर्नशिप, कंपन्यांच्या महाविद्यालयाबाहेरच्या मुलाखती आणि आधी बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांच्या भेटीगाठी तिथे सहज होतात. मात्र तो फायदा अंतरावर अवलंबून असतो. गावाबाहेर तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या महाविद्यालयातल्या मुलीला संध्याकाळची शेवटची बस गाठायची असते, तिच्यासाठी ते शहर केवळ पत्त्यात असते.

दुसरीकडे, लहान गावातल्या जुन्या संस्थांकडे जी गोष्ट असते ती नव्यांना विकत घेता येत नाही, ती म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या. सांगलीचे वालचंद १९४७ चे, कराड आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालये १९६० ची, नांदेडचे श्री गुरुगोविंदसिंगजी १९८१ चे. महाराष्ट्रातल्या कारखान्यांत, वीज मंडळाच्या वारसदार कंपन्यांत आणि पुण्याच्या आयटी कार्यालयांतसुद्धा तिथली माणसे अधिकाराच्या जागांवर आहेत, आणि आपल्या महाविद्यालयाच्या मुलाचा अर्ज समोर आला की तो दोन मिनिटे अधिक वाचला जातो. त्याचप्रमाणे भोवतालचा उद्योग शाखेशी जुळतो का, हेही पाहावे. यंत्र शाखेला कोल्हापूरच्या फौंड्र्या, वस्त्र अभियांत्रिकीला इचलकरंजी, वाहन उद्योगाला चाकण आणि वाळूज ही ठिकाणे प्रयोगशाळेइतकीच उपयोगी पडतात.

संलग्न (विद्यापीठाचा अभ्यासक्रम आणि परीक्षा असलेले) की स्वायत्त (स्वतःचा अभ्यासक्रम आणि परीक्षा असलेले), या वादात स्वायत्त महाविद्यालयाचा अभ्यासक्रम लवकर बदलतो आणि निकाल वेळेवर लागतो, एवढे खरे. परंतु प्रश्नपत्रिका काढणारे आणि तपासणारे घरचेच असल्यामुळे दुबळ्या संस्थेत गुण स्वस्त होतात, आणि कंपन्यांना ते ठाऊक असते.

प्रवेशप्रक्रियेतल्या तीन गोष्टी पालकांकडून हमखास निसटतात. पहिली म्हणजे होम युनिव्हर्सिटी. संलग्न महाविद्यालयांतल्या जागांचा मोठा वाटा त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या उमेदवारांसाठी असतो आणि आपले होम युनिव्हर्सिटी बारावी जिथून झाली त्यावरून ठरते. बार्शीतून बारावी झाली असेल तर सोलापूर विद्यापीठ, आणि बार्शीतली अनेक मुले करतात तशी लातूरला केली असेल तर नांदेडचे विद्यापीठ. पुण्याच्या संलग्न महाविद्यालयासाठी दोन्ही बाबतींत ती बाहेरचीच ठरते. म्हणून मागच्या वर्षीच्या कटऑफच्या यादीत योग्य रकाना पाहावा. रकान्याच्या संकेतात पहिले अक्षर एल असेल तर ती मुलींसाठीची जागा, शेवटचे अक्षर एच असेल तर होम युनिव्हर्सिटीची, ओ असेल तर बाहेरच्यांची आणि एस असेल तर राज्यस्तरीय. चुकीच्या रकान्यातला आकडा पाहून आशा बाळगणारे किंवा सोडणारे पालक दरवर्षी भेटतात.

दुसरी गोष्ट पसंतीक्रमाची. २०२५ च्या प्रवेशात फेऱ्या चार झाल्या आणि पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी व तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी जागा मिळाली तर ती घेणे बंधनकारक ठरले. नियम बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. सायबर कॅफेवाल्याने भरून दिलेल्या यादीवर विसंबू नये. यादी मिळण्याच्या शक्यतेनुसार न लावता केवळ इच्छेनुसार लावावी. वर ठेवलेले स्वप्नातले महाविद्यालय मिळाले नाही तरी खालच्या पसंतीचे काहीही नुकसान होत नाही, पण शक्य कोटीतले नको असलेले महाविद्यालय वर ठेवले तर ते गळ्यात पडते.

तिसरी गोष्ट पैशांची. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या मागास, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घटकांतल्या मुलींच्या शिक्षण शुल्काची व परीक्षा शुल्काची पूर्ण प्रतिपूर्ती महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळामार्फत होते. परंतु प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांतल्या संस्थास्तरीय जागांना हा लाभ नाही, हे ‘मॅनेजमेंटमधून लगेच सीट देतो’ म्हणणारा मध्यस्थ सांगत नाही. विकास शुल्क, वसतिगृह आणि खानावळ यांचा खर्च उरतोच. मुलींना ही सवलत लागू झाल्यामुळे अधिक कटऑफ लागणाऱ्या टीएफडब्ल्यूएस (शिक्षण शुल्क माफीच्या) जागेसाठी तुलनेने कमी प्रतीचे महाविद्यालय पत्करण्याचे कारणही आता राहिलेले नाही. उत्पन्नाचा दाखला आणि जातीशी संबंधित कागदपत्रे मे महिन्यातच काढून ठेवावीत, जूनमध्ये सेतू केंद्रापुढे रांगा लागतात.

प्रवेशानंतरच्या चार वर्षांपैकी मला पहिले सहा महिने सर्वांत महत्त्वाचे वाटतात. बारावीत शिकवणीच्या वर्गाने अभ्यासाचे वेळापत्रक हातात दिलेले असते. इथे ते कोणी देत नाही, आणि पहिली चाचणी होईपर्यंत मुलांना वाटते की सगळे ठीक चालले आहे. मग गणित आणि अभियांत्रिकी यामिकी हे दोन विषय राहतात, एटीकेटी घेऊन पुढच्या वर्षात जाता येते आणि जुने विषय नव्या विषयांच्या मानगुटीवर बसतात. विद्युत शाखेत याचा फटका जास्त, कारण पहिल्या वर्षाचे विकलक समीकरणांचे गणित आणि संमिश्र संख्या कच्च्या राहिल्या तर नेटवर्क विश्लेषण, नियंत्रण प्रणाली आणि विद्युत यंत्रे हे पुढचे सगळे विषय पाठांतराचे होऊन बसतात. त्यावरचा उपाय साधा पण कंटाळवाणा आहे: शिकवलेल्या भागावरची दहा उदाहरणे त्याच आठवड्यात, उत्तर न पाहता, स्वतः सोडवायची आणि अडलेली घेऊन शिक्षकांच्या खोलीत जायचे. माझ्या अनुभवात शिक्षकांच्या दारात विचारायला येणारी मुले वर्गात जेमतेम पाच-सहा असतात, आणि त्यांत मराठी माध्यमातून आलेल्या मुली अगदी कमी, कारण इंग्रजीतून विचारावे लागेल अशी त्यांना धास्ती असते. मराठीत विचारावे. शिक्षक बहुधा मराठीतच समजावतात. उत्तरपत्रिका आणि मुलाखत इंग्रजीत द्यायची असल्याने लिहिण्याचा सराव मात्र इंग्रजीत करावा. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही उपलब्ध आहे. सायलॅब, पायथन यांसारखी साधने शिकण्याची सुरुवात त्याने करता येते.

परीक्षेआधी महिनाभर वाचायची ‘लोकल ऑथर’ची पुस्तके पास करतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण निदान दोन-तीन मुख्य विषयांचे मूळ क्रमिक पुस्तक ग्रंथालयातून घेऊन प्रकरणामागची उदाहरणे सोडवावीत, कारण गेट आणि तांत्रिक मुलाखत तिथूनच विचारते. सबमिशनच्या आठवड्यात गेल्या वर्षीचे जर्नल समोर ठेवून उतरवणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. लिखाण उतरवले तरी एक वेळ चालेल, पण प्रयोगातली वाचने स्वतः घ्यावीत. चार जणांच्या गटात जोडणी एकच मुलगा करतो आणि मुलींना वाचने टिपायला बसवले जाते, असे मी कित्येकदा पाहिले आहे. आपल्या मुलीला आधीच सांगून ठेवावे, की वायर हातात घ्यायची.

दुसऱ्या वर्षापासून एखादा तांत्रिक गट धरावा, पण एकच. बाहा ही वाहन बांधणीची स्पर्धा, रोबोकॉन ही यंत्रमानवांची स्पर्धा, आयआयटी मुंबईची ई-यंत्र स्पर्धा, स्मार्ट इंडिया हॅकेथॉन यांतून जे शिकता येते ते वर्गात मिळत नाही: मोटर जळते, अर्थसंकल्प संपतो, गटात भांडणे होतात आणि तरीही गाडी तारखेला उभी करावी लागते. तीन-तीन गटांत नाव घालणाऱ्यांचे सत्र मात्र वाहून जाते. इंटर्नशिपच्या नावाखाली पैसे भरून घरबसल्या मिळणारी प्रमाणपत्रे मुलाखतीत एका प्रश्नात उघडी पडतात. त्यापेक्षा जवळच्या औद्योगिक वसाहतीतला पॅनेल बनवणारा कारखाना, सौर यंत्रणा बसवणारा कंत्राटदार किंवा रोहित्र दुरुस्तीचे वर्कशॉप इथे सुट्टीतला महिनाभर विनामूल्य राबणे अधिक मोलाचे आहे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प विकत मिळतो, हे सर्वांना माहीत आहे, परीक्षकांनाही. तो घेऊ नये, एवढेच सांगतो.

नियुक्त्यांचा हंगाम साधारणपणे सातव्या सत्राच्या सुरुवातीला येतो, म्हणून अंकगणितीय अभियोग्यता आणि प्रोग्रामिंग यांची तयारी पाचव्या सत्रात सुरू करावी, तीही विद्युत शाखेच्या मुलांनी न लाजता. गेटची परीक्षा तिसऱ्या वर्षातही देता येते आणि तिचे गुण तीन वर्षे चालतात, त्यामुळे एकदा सराव म्हणून देऊन पाहण्यात तोटा नाही. एम.टेक.ला गेटमधून प्रवेश मिळाल्यास दरमहा १२,४०० रुपयांचे विद्यावेतन मिळते.

वसतिगृहाचे म्हणाल, तर पहिल्या वर्षी शक्यतो महाविद्यालयाच्या आवारातलेच घ्यावे, जागा थोड्या असतात म्हणून प्रवेशाच्या दिवशीच अर्ज द्यावा, आणि न मिळाल्यास पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेच्या अटी पाहाव्यात. लॅपटॉप पहिल्या सत्रात घेण्याची घाई करू नये. संगणक प्रयोगशाळा पुरते. दुसऱ्या सत्रात, शाखेतल्या वरच्या वर्गाच्या मुलींना विचारून, सोळा जीबी रॅमचा साधा लॅपटॉप घ्यावा. महागडे ग्राफिक्स कार्ड विद्युत शाखेच्या अभ्यासाला लागत नाही.